काम संपल्यावरची तहान

त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. हे नाव दाताच्या डॉक्टरीणबाईंनी ठेवलं होतं आणि ते त्याला इतकं चिकटलं, की बायकोच्या माहेरचे लोकही पाठीमागे तेच वापरू लागले. कवळ्या करणं हा त्याचा धंदा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात आणि चार-सहा दिवसांनी गुलाबी हिरड्यांत बसवलेले दात पेशंटच्या हातात ठेवतात. मधल्या दिवसांत ते दात कोण करतं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. ते मिलीमीटर करायचा. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याची एक लांबट खोली होती. तिच्यात प्लास्टरचे साचे, मेणाच्या लाद्या, घासायचं विजेचं चाक आणि खिडकीशी एक उंच स्टूल. अर्धा मिलीमीटर इकडचा तिकडे झाला, तर तो मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून बसायचा.

त्याच्या हातात कसब होतं, याबद्दल दुमत नव्हतं. सगळे दात एका ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे लावणं कुणालाही जमतं, असं त्याचं म्हणणं. तो पेशंटचा जुना फोटो मागवायचा आणि एखादा दात किंचित तिरका, एखादा जरासा आत ठेवायचा. बघणाऱ्याला कळायचं नाही, पण माणूस हसला की तो पूर्वी हसायचा तसाच दिसायचा.

त्या खोलीत शिरणारा माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा. कवळीची पावडर ज्या द्रवात कालवतात त्याचा वास डोक्यात जाणारा असतो. त्या वासाच्या आडोशाला मिलीमीटर सतरा वर्षं दारू प्यायला. सुरुवातीला एखादं अवघड काम हातावेगळं झालं की एक घोट, मग कुठलंही काम झालं की एक पेला, आणि पुढेपुढे काम सुरू होण्यासाठीच आधी पेला लागायला लागला, कारण तो घेतल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नसत. बाटली द्रवाच्या बाटल्यांच्याच रांगेत असायची. डॉक्टरीणबाईंना वास आला नाही. बायकोला मात्र तो जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच समजायचं.

बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि घरी आल्यावर नवऱ्याच्या चुका झाकणं हे दुसरं. तो कामावर जाण्याच्या अवस्थेत नसला, की दवाखान्यात फोन तीच करायची. तिच्याकडे कारणं तीनच होती. ताप, पाठ आणि त्याची मावशी गेली. एकदा तर एकाच वर्षात मावशी दोनदा गेली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे, वाईट झालं, असं म्हटलं. तेव्हा बायकोच्या लक्षात आलं, की बाईंना सगळं ठाऊक आहे आणि त्याही झाकताहेत. चांगला कारागीर मिळत नाही, हे त्यांचं कारण. तिचं कारण तिला नीटसं सांगता आलं नसतं. एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि सुटल्यासारखी तिकडेच राहिली.

सगळं उघड्यावर आलं ते एका बोटामुळे. दिवसाढवळ्या अकराच्या सुमाराला, घासायच्या चाकावर, डाव्या तर्जनीचं टोक गेलं. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, दारू घेता का. कधीतरी, लग्नकार्यात, असं तो म्हणाला. शेजारी उभी असलेली बायको गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मिलीमीटरने नर्सला बोलावलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेले दात उचलायला सांगितले. कट्टा रिकामा होता. तो म्हणाला, पुढच्या दोन दातांमधली रेघ चुकली आहे, असं काम खाली पाठवता येत नाही. त्याला घाम सुटला होता, चादर तो बोटांनी चिमटत होता आणि कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं मधूनमधून सांगत होता. डॉक्टर धावत आले. त्यांनी बायकोला बाहेर नेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"रोज," ती म्हणाली. "सतरा वर्षं."

इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेले ते तीन शब्द होते, आणि ते बोलायला तीन सेकंदही लागले नाहीत. दारू एकदम बंद झाली की असं होतं, वेळेवर सांगितलं असतं तर आधीच औषध सुरू केलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते, पण तिने ते रागावणं समजूनच ऐकून घेतलं. मिलीमीटर चार दिवसांनी भानावर आला. बोटाची जखम वाळायला लागल्यावर त्याला व्यसनमुक्ती केंद्रात हलवलं.

केंद्र एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. बाक लहान मुलांच्या मापाचे, त्यामुळे पन्नाशीचे पुरुष गुडघे हनुवटीला लावून बसत. समुपदेशक बाई तिशीच्या होत्या. हिच्या अजून अक्कलदाढा आल्या नसतील आणि ही मला शिकवणार, हा मिलीमीटरचा पहिला विचार. दुसरा विचार असा, की आपण या बाकीच्यांसारखे नाही. आपलं काम कधी बंद पडलं नाही, आपण रस्त्यात कधी पडलो नाही, मनात आणलं तर उद्या सोडू. तिसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर हीच वाक्यं लिहिली आणि ही कुणाची, असं विचारलं. बावीसपैकी एकोणीस हात वर झाले. मिलीमीटरने हात वर केला नाही, पण फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. आपलं मन सगळ्यांच्याच मनासारखं साच्यातून निघालेलं आहे, याचा त्याला कारागीर म्हणून अपमान वाटला.

का पिता, या प्रश्नाला त्याचं उत्तर पाठ होतं. आई गेली, कामाचा ताण, डॉक्टरांची घाई. बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्याला एक वही दिली. पिण्याची इच्छा झाली की वेळ लिहायची, त्याआधी काय चाललं होतं ते लिहायचं, आणि इच्छेला दहापैकी गुण द्यायचे. उपदेशाला तो बधला नसता, मोजमापाला बधला. पहिल्याच दिवशी त्याने साडेसहा लिहिलं आणि अर्धे चालतील का, असं विचारून आला.

बाईंनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. इच्छा लाटेसारखी असते, चढते, थोडा वेळ वर थांबते आणि उतरते. पंधरा-वीस मिनिटं, कधी जरा जास्त. "तुम्ही ती उतरताना कधी बघितलीच नाही," त्या म्हणाल्या, "कारण चढतानाच तुम्ही तिला पाजत आलात." तेवढा वेळ तिच्याशी झगडायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही, नुसतं बघत बसायचं. छातीत काय होतंय, जिभेला काय होतंय. मिलीमीटरने घड्याळ लावलं. अठरा मिनिटं, तेवीस, एकदा एकतीस. एकतीसची तक्रार घेऊन तो बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, मग तुमची एकतीस. त्यांनी फळ्यावर चार शब्द कायमचे लिहून ठेवले होते: भूक, राग, एकटेपणा, थकवा. लाट आली की आधी या चारांतलं काही आहे का ते तपासायचं. पुष्कळ जणांची तहान निम्म्या वेळा भूक निघायची आणि उकडलेल्या अंड्याने भागायची. मिलीमीटरच्या वहीत मात्र या चारांतलं फारसं काही सापडेना.

मग स्वयंपाकघरातल्या कपाटाचे खण आले. केंद्रात प्रत्येकाला काहीतरी काम असायचं. याच्या वाट्याला सहा खण आले, सगळे अडकणारे. त्याने पट्टीबांधल्या हाताने चार दिवस खपून ते घासले, मापात आणले. शेवटचा खण एका बोटाने ढकलला आणि तो आवाज न करता आत गेला. त्या क्षणी इच्छा उसळली, दहापैकी नऊ. कुणी भांडलं नव्हतं, पोट भरलेलं होतं, झोप झालेली होती. काहीतरी चूक होतेय असं समजून त्याने ते लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात बागेच्या फाटकाची कडी बसवल्यावर साडेआठ. एका सोबत्याच्या चष्म्याची काडी जोडून दिल्यावर आठ.

पाचव्या आठवड्यात बाईंनी वही त्याच्यासमोर उघडी ठेवली. मोठे आकडे त्यांनी पेन्सिलीने गोल केले होते. "दुःख झालं की पिता असं तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या. "वहीत तसं दिसत नाही. काम झालं की पिता, असं दिसतंय. चांगलं झालं की जास्त."

तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. दुःखाने पिणाऱ्याची लोक निदान कीव तरी करतात. आनंदाने पिऊन घराची वाट लावणाऱ्याला काय म्हणायचं? आईच्या नावावर त्याने इतकी वर्षं खपवलेली दारू तिच्या खात्यातली नव्हतीच, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून बाईंच्या खोलीत गेला आणि मग आता काय करायचं, असं विचारलं. बाईंचं सांगणं साधं होतं. काम संपणं आणि घोट घेणं यांची गाठ त्यानेच रोज मारून घट्ट केली होती. ती हुकमाने सुटणार नाही, पण काम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात दुसरं काही मुद्दाम बांधता येईल. काय, ते त्यालाच शोधावं लागेल. नुसतं घरी जाईन, हे उत्तर त्यांनी घेतलं नाही, कारण वाटेत दुकान होतं.

घरच्यांच्या बैठकीला बायको आली होती. इतर बायका रडत होत्या, ही रडली नाही. तिची पाळी आल्यावर ती म्हणाली, "प्यायलेला माणूस मला पाठ आहे. कधी चिडेल, कधी झोपेल, सगळं. न प्यायलेला कोण आहे, ते मला माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते."

तिची भीती अगदीच चुकीची नव्हती. घरी परतलेल्या मिलीमीटरला सतरा वर्षांनी घरात लक्ष घालायची हुक्की आली. डबे कुठे ठेवावेत, पडदे कधी धुवावेत, यावर त्याला मतं फुटली. बायकोने ते घर एकहाती ओढलं होतं. तिला ही लुडबूड सहन होईना. शिवाय तो बाहेरून आला की ती आजही दाराशी जाऊन श्वास आत ओढायची. त्यालाही ते दिसायचं. तो मुकाट उभा राहायचा आणि ती बाजूला झाली की चपला काढायचा. केंद्रातून त्यांना आधीच सांगितलं होतं, की दारू सुटली तरी दारूभोवती लागलेल्या सवयी घरात मागे राहतात, आणि बायकोलाही तिच्या सोडाव्या लागतील. ती म्हणाली, माझ्या सवयींनी कुणाचं बोट गेलं नाही. पण त्याच्या वतीने कुणाला फोन करण्याआधी ती आता जरा थांबायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला परत घेतलं, पण फक्त दुरुस्तीच्या कामावर. तुटलेली कवळी जोडणं, निघालेला दात बसवणं. तीन महिने त्याने निमूटपणे तेच केलं. मग नव्या कवळ्या पुन्हा त्याच्याकडे यायची वेळ झाली, तेव्हा त्याने बाईंना एक विचित्र विनंती केली. कवळी तयार झाली की ती स्वतः खाली घेऊन येईन, पेशंटच्या तोंडात बसेपर्यंत खोलीत उभा राहीन. बाईंना हे रुचलं नाही. कारण विचारलं, तेव्हा त्याने वहीची हकीकत जशीच्या तशी सांगितली. दोघांच्या मधे सतरा वर्षांत पहिल्यांदाच खरी गोष्ट बोलली गेली असेल. बाई म्हणाल्या, ठीक आहे, मागे भिंतीशी उभं राहायचं, मधे बोलायचं नाही.

पहिली पेशंट टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई होती. नवी कवळी घालून ती आरशात बघून "सहाशे सदुसष्ट, सहाशे सदुसष्ट" म्हणाली, आणि प्रत्येक "स"ला बारीक शिट्टी वाजली. हवा कुठून निसटतेय, ते भिंतीशी उभ्या मिलीमीटरला ऐकू आलं. वर जाऊन वरच्या दातांच्या मागची बाजू त्याने केसभर घासून आणली. पुन्हा आकडे म्हटले, शिट्टी गेली. बाईने आरसा खाली ठेवला आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना उगाचच दोन-चार टेलिफोन नंबर म्हणून दाखवले. मिलीमीटर बाहेर आला तेव्हा चाळीस मिनिटं उलटली होती, आणि लाट येऊन गेली की आलीच नाही, ते त्याला सांगता आलं नाही.

आठ महिने असे गेले. मग क्लॅरिनेटवाले आले. सत्तरीचे, एका वाद्यवृंदात आयुष्य घालवलेले. वरचे सगळे दात गेल्यापासून त्यांचं वाद्य पेटीत बंद होतं. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकतं, आणि नुसत्या हिरडीवर बसलेली कवळी त्या दाबाने मागून उचलली जाते. दोन ठिकाणी त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं. मिलीमीटरने त्यांना वाद्य घेऊनच बोलावलं. मेणातले दात तोंडात ठेवून, वाद्य ओठांत धरायला लावून, त्याने चार वेळा मांडणी बदलली. दीड महिना गेला. पाचव्यांदा कवळी हलली नाही. म्हाताऱ्यांनी दवाखान्यात फक्त एक सूर काढला आणि म्हणाले, बाकीचं रविवारी दुपारी घरी या, तिथे ऐकवतो.

बायकोला त्या दिवशी छापखान्यात काम होतं, म्हणून तो एकटा गेला. म्हाताऱ्यांनी अर्धा तास वाजवलं. त्यांची सून दाराशी उभी राहून ऐकत होती. वाजवणं संपलं, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले आणि कपाटातून बाटली काढून दोन पेले भरले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्यासाठी मिलीमीटरकडे योजना होती, या खोलीसाठी नव्हती. त्याने पेला घेतला. मग दुसराही घेतला.

तो चालत घरी आला. वाटेतलं दुकान उघडं होतं. दारात तो थोडा वेळ थांबला आणि पुढे गेला. का पुढे गेला, याचं धड कारण त्याला नंतरही देता आलं नाही. घरी छापखान्यातून परतलेली बायको कपडे वाळत घालत होती. तिने वास घेण्याआधीच तो म्हणाला, "मी आज प्यायलो. दोन पेले. क्लॅरिनेटवाल्यांकडे."

तिने हातातलं कापड झटकून दोरीवर टाकलं, चिमटा लावला. मग त्याला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून बहिणीकडे निघाली. भांडण नाही, आदळआपट नाही. "मी रागावून जात नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही मला स्वतःहून सांगितलंत, त्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये. आणि आज दवाखान्यात फोन तुमचा तुम्ही करा."

त्याने फोन केला. मावशीला त्याने पुन्हा मारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि दुपारी कामावर या म्हणाल्या. संध्याकाळी तो केंद्रात समुपदेशक बाईंसमोर बसला. बाईंनी त्याला धीर दिला नाही, रागावल्याही नाहीत. पहिला पेला संपल्यावर आणि दुसरा उचलण्याआधी मनात काय बोललात, एवढंच विचारलं. तो म्हणाला, आता गेलंच आहे तर.

"हे वाक्य लिहून ठेवा," बाई म्हणाल्या. "पहिला पेला म्हाताऱ्यांनी दिला. दुसरा या वाक्याने दिला. तिसरा, चौथा आणि पुढची सतरा वर्षं यानेच दिली असती."

एकदा घसरणं आणि तळाशी जाऊन बसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मधल्या पायऱ्या बहुतेक लोक लाजेनेच उतरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मग योजनेत राहून गेलेली भगदाडं दोघांनी बसून शोधली. कुणी कौतुकाने घरी बोलावलं तर एकट्याने जायचं नाही. खुर्चीत बसण्याआधीच, मी घेत नाही, असं सांगून टाकायचं. आणि काम फार चांगलं झालं तर तो दिवस धोक्याचा धरायचा.

बायको नसलेले सात दिवस कठीण गेले. फळ्यावरचे चारही शब्द एकदम घरात राहायला आले होते. भात करपला, मग गिचका झाला, पाचव्या दिवशी जमला, आणि जमला म्हणूनच इच्छा साडेसात. त्याने भात ताटात घेतला आणि सव्वीस मिनिटं खिडकीत उभ्याने, हळूहळू खाल्ला. मुलीला त्याने स्वतः फोन करून झालेलं सांगितलं. तिने, आईने सांगायला सांगितलं का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर ती हवापाण्याचं बोलली.

आठव्या दिवशी बायको परत आली. बहिणीला तिने पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं होतं, आणि बहिणीला ते सगळं आधीपासूनच माहीत असल्याचं निघालं. याचंच तिला जास्त हसू आलं होतं. तिने एवढंच सांगितलं, की यापुढे ती दाराशी येऊन वास घेणार नाही. घ्यावासा वाटला तर आत बसून राहील. तिलाही दोन-चार महिने ते जड गेलं. एकदा ती उठून दारापर्यंत आली आणि पायपुसणं सरळ करून परत गेली.

याला आता नऊ वर्षं झाली. त्या दोन पेल्यांनंतर मिलीमीटर प्यायलेला नाही. सुटली, असं तो म्हणत नाही, घेतली नाही, असं म्हणतो. समुपदेशक बाई दुसऱ्या गावी बदलून गेल्या. डाव्या तर्जनीला टोक नसल्यामुळे त्याने मेण दाबायचं काम मधल्या बोटाला शिकवलं. मुलगी वर्षातून दोनदा चार दिवस राहून जाते. बापाशी तिचं बोलणं अजून मोजकंच असतं, आणि तो ते वाढवायला जात नाही.

बायको पन्नासाव्या वर्षी पोहायला शिकली. सकाळच्या बायकांच्या वर्गात कुणाच्या तरी आग्रहाने गेली आणि टिकली. घरचं माणूस बघायला येऊ शकतं, म्हणून गेल्या महिन्यात तो पायऱ्यांवर जाऊन बसला. ती तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेली आणि कठड्याला धरून धापा टाकत राहिली. तिचा डावा हात पाण्यात जरा तिरका पडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. वाटेत तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी न राहवून बोललाच. ती म्हणाली, मला माहीत आहे, आणि त्याच्या पुढ्यातला पेपर ओढून वाचायला लागली.